झाकण बंद होतं

"अक्का, हात सोड."

विलास हे इतक्या शांतपणे म्हणाला की रस्त्यानं जाणाऱ्याला वाटलं असतं, बहीण-भावाची थट्टा चाललीय. मी हात सोडला नाही. त्याचं उजवं मनगट मी दोन्ही हातांनी धरलं होतं आणि अंगाचा सगळा भार त्यावर टाकला होता. त्याच्या डाव्या हातात जाड प्लास्टिकची पांढरी बाटली होती, ओल्या फडक्यात गुंडाळलेली. फक्त झाकण तेवढं बाहेर होतं.

समोरच्या इमारतीत वरच्या मजल्यावर शिवणक्लास होता. क्लास नुकताच सुटला होता आणि बायका बोलत बोलत जिना उतरत होत्या. त्यांच्यात मंदा होती. मंदा म्हणजे विलासची बायको, माझी भावजय.

"सोड म्हणतो ना."

"आधी ती बाटली खाली ठेव."

"बॅटरीचं पाणी आहे. दुकानातलं. गिऱ्हाइकाला द्यायचंय."

"आज शुक्रवार आहे, विलास. तुझं दुकान बंद असतं."

त्यानं हाताला हिसडा दिला. मी सोडत नाही म्हटल्यावर दुसरा दिला. त्या ओढाताणीत बाटली त्याच्या हातून निसटली, फरशीवर आपटली आणि गडगडत गटाराच्या कडेला जाऊन थांबली. फुटली नाही, सांडलीही नाही. झाकण घट्ट होतं.

मंदानं ते सगळं पाहिलं. ती ओरडली नाही. जिन्याच्या पायरीवर होती तिथंच खाली बसली.

लोक जमले. शेजारचे सायकलवाले बाबूभाई धावत आले. त्यांनी पक्कडीनं झाकण फिरवून बाटली हुंगली आणि तोंड फिरवलं. थेंबभर फरशीवर सांडलं तर तिथं पांढरा फेस आला. त्याबरोबर दोघातिघांनी विलासला धरलं. त्यानं पळायचा प्रयत्न केला नाही. तो ज्याच्या त्याच्या तोंडाकडे बघत एकच विचारत होता, "काय झालं? मी काय केलं? मी कुणाला हात तरी लावला का?"

त्या वेळी मला त्या प्रश्नाचं काहीच वाटलं नाही. पुढची दोन वर्षं तोच एक प्रश्न सगळीकडे विचारला जाणार आहे, हे तेव्हा कुठं ठाऊक होतं!

ही गोष्ट बार्शीची, बरीच जुनी. तेजाब, म्हणजे ॲसिड, फेकण्यासाठी वेगळं कलम तेव्हा कायद्यात नव्हतं. आम्ही कासार. माझं माहेर आणि सासर एकाच गावात, आणि बाजारपेठेत माझं बांगड्यांचं दुकान. विलास माझ्या पाठचा, एकुलता भाऊ. त्याला बांगड्यांचा धंदा बायकी वाटायचा, म्हणून त्यानं स्टँडजवळ बॅटऱ्या दुरुस्तीचं दुकान टाकलं. धंद्यात हुशार होता. बायकोच्या बाबतीत मात्र त्याचं डोकं फिरलेलं असे. मंदा कुणाशी बोलली, कुणाकडे बघून हसली, दूधवाल्याला दार उघडायला एवढा वेळ का लागला. आधी बोलणी, मग मार. सहा वर्षं तिनं काढली आणि एक दिवस चपला घालून वडिलांच्या घरी निघून गेली. शिवणक्लासमध्ये शिकवायला लागली. घटस्फोटाची नोटीस आली त्या दिवशी मी माहेरीच होते. विलासनं नोटीस वाचली, घडी करून खिशात ठेवली आणि आईच्या देखत, माझ्या देखत म्हणाला, "तिचं तोंड कुणाला दाखवायच्या लायकीचं ठेवणार नाही."

आई म्हणाली, "गप जेव."

मंदाशी मी संबंध तोडला नव्हता. आईच्या चोरून तिला भेटत असे, माझे ब्लाउज तिच्याकडेच शिवायला टाकत असे. त्या शुक्रवारी ब्लाउज आणायलाच गेले होते. बंद पडलेल्या रसवंतीच्या आडोशाला विलास उभा दिसला. आधी त्याचा चेहरा दिसला आणि मग बाटली. लहानपणी गोट्या खेळताना नेम धरला की तो खालचा ओठ दातांत दुमडून धरायचा आणि श्वास रोखायचा. तस्साच उभा होता. उजव्या हाताची बोटं झाकणावर होती.

मी विचार केला नाही. दिवसभर बायकांची मनगटं धरायची सवय असलेले माझे हात आपोआप पुढे गेले.

* * *

चौकीत फौजदार लोंढे होते. माणूस वाईट नव्हता. त्यांनी मला चहा दिला, माझा जबाब शब्दन् शब्द ऐकला, आणि शेवटी पेन खाली ठेवून म्हणाले, "बाई, तुम्ही थोड्या लवकर आलात."

मला कळेना. "म्हणजे?"

"म्हणजे त्यानं झाकण काढलं असतं, हात उगारला असता, आणि मग तुम्ही धरलं असतं, तर केस पक्की होती. आता त्याचा वकील म्हणणार, नुसता उभा होता."

"आणि मी पोचायच्या आत त्यानं टाकलं असतं तर? मंदाचा चेहरा?"

"ते खरंय," ते म्हणाले. "पण मी केसचं बोलतोय."

विलासला अटक झाली, काही दिवस कोठडीत काढून तो जामिनावर सुटला. गंभीर दुखापत करण्याचा प्रयत्न आणि धमकी, असे दोन आरोप लागले. खटला उभा राहायला दोन वर्षं गेली. त्या दोन वर्षांत तो रोज दुकान उघडत होता आणि मंदा रोज वेगळ्या रस्त्यानं क्लासला जात होती. कधी वडील सोबत, कधी मी.

साक्षीच्या आदल्या आठवड्यात आई माझ्या दुकानात आली. एरवी ती कधी दुकानाची पायरी चढत नसे. गिऱ्हाईक जाईपर्यंत बसून राहिली. मग म्हणाली, "तू तितं नव्हतीस म्हन."

"आई, मीच तर हात धरला त्याचा. सगळ्या गल्लीनं बघितलं."

"मग म्हन, बाटली कसली ते म्हाईत नव्हतं. त्याच्या धंद्याचंच पानी हाय ते. खोटं हाय का?"

"धंद्याचं पाणी घेऊन तो शिवणक्लाससमोर कशाला उभा होता?"

"बायकूला बघायला. नवरा न्हाई का तिचा?"

आईनं काचेच्या बांगड्यांचा एक जोड उचलला, उजेडात धरला आणि परत ठेवला. तिचा आवाज एकदम खाली आला. "शकू, त्याच्या डोक्यात काय हुतं ते मलाबी ठावं हाय. मी त्याची आई हाय. पन झालं तर काय न्हाई ना? त्या पोरीला वरखडाबी आला न्हाई. ती दुसरीकडं संसार करील. माझ्या पोराला तुरुंगात घालून कुनाचं काय भलं व्हनार?"

"त्याच्या डोक्यात काय होतं ते तुला ठाऊक आहे ना? मग तू साक्ष दे."

आई उठली. पायरी उतरताना मी हात पुढे केला तो तिनं धरला नाही.

सरकारी वकील बाई होत्या, परांडकर म्हणून. कोर्टाच्या मागच्या खोलीत त्यांनी मला आणि मंदाला बोलावून घेतलं. त्यांच्या टेबलावर कागदांचे ढीग होते आणि डोळे झोप न झाल्यासारखे दिसत होते. त्यांनी जबाब पुढे ओढला.

"शकुंतलाबाई, एकच गोष्ट महत्त्वाची आहे. झाकण. ते उघडलेलं होतं, अर्धं फिरवलं होतं, की बंद होतं?"

"बंद होतं. पण बोटं झाकणावर होती. तो उघडणारच होता."

त्यांनी मान हलवली. "हे 'उघडणारच होता' कोर्टात टिकत नाही. तुम्हाला समजेल असं सांगते. एखाद्यानं तुमच्या दुकानाच्या कुलपाची चोरून किल्ली बनवली, ती खिशात घालून तुमच्या दुकानासमोर येऊन उभा राहिला. ही झाली तयारी. तयारीला साधारणपणे शिक्षा नाही. त्यानं किल्ली कुलपात घातली, की तो प्रयत्न. त्याला शिक्षा आहे."

"आणि किल्ली कुलपाच्या तोंडाशी आणली, आत घातली नाही, तर?"

परांडकर बाई पहिल्यांदा हसल्या. "त्या एवढ्याशा जागेवर तर आम्हा सगळ्या वकिलांचं पोट चालतं."

"पण असा कायदा का म्हणून?" मंदानं विचारलं.

"कारण माणूस शेवटच्या क्षणी मागे फिरू शकतो. रागाच्या भरात घरून निघतो, कोपऱ्यापर्यंत येतो आणि परत जातो. नुसतं मनात आलं, हातात काही घेतलं, एवढ्यावर आत टाकायला लागलो तर उद्या कुणालाही टाकता येईल. कायदा चुकीचा नाही, मंदाताई."

"तो मागे फिरला नसता," मंदा म्हणाली.

"मलाही तसंच वाटतं. पण मला वाटून उपयोग नाही." त्या माझ्याकडे वळल्या. "तुम्ही काय सांगायचं ते मी सांगणार नाही. फक्त नीट आठवा. झाकण थोडं तरी फिरलं होतं का, ते आठवा."

बाहेर पडल्यावर कोर्टाच्या आवारात लिंबाच्या झाडाखाली मंदा थांबली. ऊन मरणाचं होतं. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "अक्का, मी तुमच्याकडे कधी काही मागितलं नाही."

"नाही."

"त्यानं मारलं तेव्हा नाही, घर सोडलं तेव्हासुद्धा नाही. आता मागते. अर्धं फिरलं होतं म्हणा. एवढंच. बाकी सगळं खरंच आहे ना? मग एक शब्द त्यात घातला तर काय बिघडतं?"

मी तिला हो म्हटलं नाही, नाही पण म्हटलं नाही. त्या दिवसापासून साक्षीच्या दिवसापर्यंत मी तो शब्द मनात फिरवत होते. बाजारात भाजी घेताना, बांगड्या भरताना. अर्धं फिरलं होतं. असं म्हणून बघत होते, कसं वाटतं ते. खरं सांगते, मला त्यात पाप वाटत नव्हतं.

* * *

साक्षीच्या दिवशी विलास आरोपीच्या जागी इस्त्रीचा शर्ट घालून उभा होता. आई मागच्या बाकावर बसली होती. दुसऱ्या टोकाला मंदा आणि तिचे वडील.

परांडकर बाईंनी सगळं माझ्याकडून नीट क्रमानं काढून घेतलं. धमकी, शुक्रवार, आडोसा, बाटली. मग त्यांनी विचारलं, "तुम्ही हात धरला तेव्हा आरोपी काय करत होता?"

"झाकण उघडायला लागला होता," मी म्हणाले. "बोटं झाकणावर घट्ट आवळली होती."

एवढं बोलून मला जरा हलकं वाटलं. यात खोटं काही नव्हतं आणि मंदाचंही काम झालं होतं, असं वाटलं.

मग विलासचे वकील उठले. कुलथे त्यांचं नाव. पांढरे केस, आवाज मऊ, मला सारखं ताई म्हणत होते.

"ताई, बाटली खाली पडली. बरोबर? गडगडत गेली. त्यातून काही सांडलं?"

"नाही."

"तुमच्या हातावर काही उडालं? साडीवर? जरा हात दाखवता साहेबांना?"

मी हात पुढे केले. न्यायाधीशांनी चष्म्यावरून बघितलं.

"म्हणजे झाकण जराही सैल नव्हतं. सैल असतं तर एवढ्या ओढाताणीत थेंब तरी उडाला असता. बाबूभाईंनी सांगितलंय की त्यांना ते पक्कडीनं उघडावं लागलं. तुम्हाला मान्य आहे?"

मला मंदा दिसत होती. तिचे हात मांडीवर एकमेकांत अडकलेले होते.

"आहे," मी म्हणाले. "झाकण बंद होतं."

"आता हे सांगा. तुमची भावजय जिन्यावर होती. रस्ता मध्ये. आरोपी पुढे चालत निघाला होता?"

"नाही. उभा होता."

"त्यानं तिला हाक मारली? शिवी दिली? हात उगारला?"

"नाही."

"म्हणजे ताई, तुम्ही त्याचा हात धरला त्या क्षणापर्यंत त्यानं काहीही केलेलं नव्हतं."

"म्हणूनच तर धरला!"

मी इतक्या जोरात बोलले की कोर्टातला पंखासुद्धा ऐकू यायचा बंद झाल्यासारखं झालं. न्यायाधीश म्हणाले, "बाई, शांतपणे उत्तर द्या."

कुलथे वकील तसेच मऊ आवाजात म्हणाले, "तो पुढे काय करणार होता, हे तुम्हाला कसं कळलं?"

"त्याच्या तोंडावरून."

"तोंडावरून?"

"तो लहानपणी गोट्यांचा नेम धरताना ओठ दुमडायचा. तसा ओठ दुमडला होता. मी त्याची मोठी बहीण आहे. मला कळतं."

मागे कुणीतरी हसलं. मग दोघं-तिघं हसले. कुलथे हसले नाहीत. ते न्यायाधीशांकडे वळून म्हणाले, "हे साक्षीदाराचं मत आहे. पुरावा नाही. इतकंच नोंदवून घ्यावं."

माझं एक एक वाक्य खरं होतं. त्यांनी ती सगळी वाक्यं ओळीनं मांडली आणि त्यातून जे तयार झालं ते धडधडीत खोटं होतं. मी पिंजऱ्यातून खाली उतरले. भीती नव्हती, संताप होता. कुणावर संतापायचं तेच कळत नव्हतं. वकील त्यांचं काम करत होते, न्यायाधीश त्यांचं. त्या खोलीतल्या प्रत्येक माणसाला विलास कशासाठी तिथं उभा होता ते माहीत होतं, आणि तरी कुणालाही ते म्हणता येत नव्हतं.

निकाल पावसाळा संपता संपता लागला. न्यायाधीशांनी तो मराठीतच वाचला. आरोपीचा हेतू वाईट होता याबद्दल कोर्टाला शंका नाही, असं त्यांनी स्वच्छ म्हटलं. त्यानं दिलेली धमकी शाबित झाली. पण गुन्हा मनात आणणं, त्याची तयारी करणं आणि तो करायला सुरुवात करणं या वेगवेगळ्या गोष्टी आहेत. बाटली घेऊन वाट पाहत थांबणं ही तयारी होती. झाकण बंद होतं. फिर्यादी रस्त्याच्या पलीकडे होती. त्या क्षणी आरोपीला मागे फिरणं शक्य होतं, आणि तो फिरलाच नसता असं म्हणायला पुरावा नाही. प्रयत्नाच्या आरोपातून निर्दोष. धमकीसाठी कोठडीत काढलेले दिवस हीच शिक्षा.

आईनं तिथल्या तिथं हात जोडले.

आवारात विलास माझ्याजवळून गेला. थांबला नाही. आई थांबली आणि म्हणाली, "दिवाळीला ये," आणि मी काही बोलायच्या आत निघून गेली.

परांडकर बाईंनी वर अपील व्हावं म्हणून शिफारस पाठवते असं सांगितलं. त्यांनी पाठवलीही असेल. त्याचं पुढे काही झालं नाही.

मंदा लिंबाखाली उभी होती. तिच्या वडिलांनी रिक्षा आणायला जायचं निमित्त केलं होतं, बहुतेक त्यांना डोळे पुसायचे होते. मी जवळ गेले. मला वाटलं, ती मला बोलेल, 'अर्धं फिरलं होतं' असं मी का म्हटलं नाही, ते विचारेल. माझ्याकडे उत्तर तयार होतं. हात दाखवायला लावले गं त्यांनी, मी काय करणार होते?

ती म्हणाली, "अक्का, पुढच्या वेळी जरा थांबा."

"मंदा..."

"त्याला झाकण काढू द्या. हात वर करू द्या. मग धरा." तिनं माझ्याकडे बघितलं. "थांबाल?"

मी मान हलवली, ती होकाराची होती की नकाराची मलाच ठाऊक नाही.

"नाही थांबणार तुम्ही," ती म्हणाली. "मला माहीत आहे." आणि माझ्या खांद्याला हात लावून ती वडिलांनी आणलेल्या रिक्षात बसली.

महिन्याभरात तिनं बार्शी सोडली. इचलकरंजीला कपड्यांच्या कारखान्यात लागली, नंतर स्वतःची दोन मशीनं घेऊन घरीच शिवायला लागली. घटस्फोट झाला. दुसरं लग्न तिनं केलं नाही.

* * *

मी दिवाळीला माहेरी गेले नाही. त्यानंतरही कित्येक वर्षं गेले नाही. आई बाजारात दिसायची, बोलायची, मीही बोलायचे. विलासचं नाव दोघीही काढत नव्हतो. त्यानं पुन्हा लग्न केल्याचं, मुलगी झाल्याचं, स्टँडजवळचं दुकान वाढवून दुप्पट केल्याचं मला लोकांकडून कळलं. त्या नव्या बायकोवर तो हात उचलत नाही, असंही कुणीतरी सांगितलं. मला त्याचाही राग आला.

आई गेली तेव्हा मी त्या घरात पाऊल टाकलं. तेराव्याला पाहुणे जेवून गेल्यावर मी ओसरीत बसले होते. विलास आला आणि शेजारी बसला. केस विरळ झाले होते, पोट सुटलं होतं. बराच वेळ आईचं, तिच्या आजारपणाचं बोलला. मग म्हणाला, "अक्का, एक सांगायचं राहिलंय. आई असताना बोलता आलं नाही."

मी सतरंजीची घडी घालत राहिले.

"त्या दिवशी तू हात धरलास, फार बरं केलंस."

मी त्याच्याकडे बघितलं. तो अगदी मनापासून बोलत होता.

"नाहीतर टाकलंच होतं मी. एका मिनिटाचा प्रश्न होता. जन्म गेला असता तुरुंगात. हे घर, दुकान, ही पोरगी, काही झालं नसतं. सगळं तुझ्यामुळं झालं. मी बायकोलाही सांगितलंय, अक्कानं मला वाचवलं."

"टाकणार होतास?" माझ्या तोंडून एवढंच आलं.

"मग काय दाखवायला नेलं होतं?" तो जरासा हसला. "आता बोलायला काय हरकत आहे! कुलथे वकील तेव्हाच म्हणाले होते, एकदा सुटलं की त्याच गोष्टीसाठी पुन्हा धरता येत नाही."

"आणि मंदा?"

"तिचं काय? तिला काय झालं?" त्याला खरंच कळलं नाही मी काय विचारते ते. त्यानं आत बघून मुलीला हाक मारली. दोन वेण्या घातलेली मुलगी बाहेर आली. "पाया पड आत्याच्या," तो म्हणाला. ती वाकली. तिच्या पाठीवर हात ठेवला मी. तिचा काय दोष?

मी दुसऱ्या दिवशीची एसटी पकडून इचलकरंजीला गेले. मंदाला हे सांगायलाच हवं असं वाटत होतं, आणि का सांगायचं हेही कळत नव्हतं. ती मशीनवर बसली होती. मला बघून उठली, पाणी दिलं, पुन्हा बसली. हातातली शिवण संपवायची घाई होती. मी तिला सगळं सांगितलं. ती पायानं मशीन चालवत ऐकत होती. "मग काय दाखवायला नेलं होतं" म्हटल्यावर मशीन थांबलं.

"असं म्हणाला?"

"हो."

"आणि आणखी काय म्हणाला?"

"आभार मानले."

"कुणाचे?"

"माझे. म्हणाला, अक्कानं मला वाचवलं."

मंदा माझ्याकडे बघत राहिली आणि मग हसायला लागली. हसता हसता तिचे डोळे भरून आले. पदरानं पुसत ती म्हणाली, "बघा अक्का. वकिलाला कळलं नाही, कोर्टाला कळलं नाही. तुम्ही वेळेवर आलात हे एकट्या त्यालाच कळलं."

खिडकीतून तिच्या तोंडावर उजेड पडला होता. डोळ्यांच्या कडांना सुरकुत्या आल्या होत्या, हनुवटीखालची कातडी सैल झाली होती, एका गालावर वांग उठले होते. पन्नाशीला आलेल्या कुणाही बाईचा असतो तसा चेहरा. मी तो बघत होते.

तेवढ्यात बाहेर मोटारसायकल थांबली. पावलं दाराकडे येऊ लागली. मंदाचं हसू जागच्या जागी गेलं. तिनं मान भिंतीकडे फिरवली आणि उघडा तळवा चेहऱ्यासमोर धरला. तिला आपण हे करतोय याचा पत्ताही नसावा. दुसऱ्या हातानं ती शिवणीचं कापड सावरतच होती.

"ब्लाउजवाले असतील," ती तशीच, भिंतीकडे बघत म्हणाली. "आज द्यायचे होते."

"तू बस," मी म्हणाले. "मी बघते."

मी उठले आणि दार वाजायच्या आत दारात जाऊन उभी राहिले.